निरोपाचा नंबर

मनकर्णाबाई शिवणकर आमच्या काउंटरवर पहिल्यांदा आल्या त्या २००८ सालच्या दिवाळीनंतर. भिलाईतल्या पावर हाउसच्या बाजारात एका मोबाइल कंपनीचं दुकान होतं, आजही आहे, आणि तिथं बिलं भरून घेण्याचं काम माझ्याकडं होतं. बाईंच्या अंगावर हिरवं लुगडं होतं आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं पांढरे होते. त्यांनी कापडी पिशवीतून फोन काढला. तोही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रबर लावलेला.

"बिल कोणाच्या नावानं आहे?" मी विचारलं.

"हेमराज चुटे."

"तुमचे कोण?"

"कोनीच नाही. शेजारी होते. आता तेबी नाहीत."

मी वर पाहिलं. "वारले?"

"अरे बापा! वारले कावून म्हनता? गेले. कुठं गेले, मालूम नाही. तुमी बिल घ्या."

मी बिल घेतलं. कोणाचंही बिल कोणीही भरू शकतो, पैसे भरणाऱ्याचं नाव आम्ही विचारतही नाही. फक्त एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. वर्षानुवर्षं बिल भरलं तरी नंबरावर भरणाऱ्याचा काडीचा हक्क नसतो. नंबर ज्याच्या नावानं, त्याचाच. हे मी त्यांना त्या दिवशी सांगितलं.

"हक्क कोनाले पायजे?" त्या म्हणाल्या. "वाजला पायजे, बस."

त्यानंतर सोळा वर्षं त्या दर महिन्याच्या सात तारखेला येत राहिल्या. सात तारखेला रविवार आला तर सहाला. एकदाही उशीर झाला नाही. तो फोन कशासाठी वाजला पाहिजे, हे मात्र मला हळूहळू समजत गेलं.

चुलबंद नदीच्या काठच्या गावांतून, म्हणजे लाखांदूर आणि अर्जुनी मोरगावच्या बाजूनं, पोलाद कारखान्यासाठी माणसं भिलाईला आली त्याला आता साठ वर्षं होतात. आज त्यांची दोनशेच्या वर घरं आहेत. वैशाली नगर, कॅम्प, खुर्सीपार, सेक्टरमधली क्वार्टर, पुढं चरोद्यापर्यंत. माणूस इथं राहतो, पण आईबाप, भाऊबंद, सोयरे तिकडं. गावी कोणी गेलं तर भिलाईच्या लेकानं तिरडी उचलायच्या आत पोचलं पाहिजे. पूर्वी त्यासाठी गावातला एक माणूस रात्रीची गाडी पकडून निरोप घेऊन यायचा. निरोप्या दारात उभा राहूनच बोलतो. बसत नाही, पाणी घेत नाही, चपला पायांत ठेवत नाही. आणि "मेला" हा शब्द तो उच्चारत नाही. "तुमच्या घरी माती आहे, उद्या चार वाजता," एवढंच म्हणतो. आमच्याकडं प्रेतयात्रेला माती म्हणतात. कोणाची, हे ऐकणारा स्वतः विचारतो.

२००५ साली या मंडळींनी ठरवलं की भिलाईत सगळ्यांसाठी एक फोन ठेवायचा. हेमराज चुटे तेव्हा प्लेट मिलमध्ये होते. लिहिण्यावाचण्यात पुढं, बोलण्यात मस्करे. त्यांनी आपल्या नावानं पोस्टपेड नंबर घेतला. कोणीतरी म्हणालं, रिचार्जवालाच घ्या, स्वस्त पडतो. त्यावर हेमराज म्हणाले होते, "बॅलन्स संपला त फोन मुका होते. मानूस काही आपला बॅलन्स पाहून मरत नाही."

तो नंबर एकतीस गावांत गेला. लोकांनी तो दाराशेजारच्या भिंतीवर गेरूनं लिहिला, वर "भिलाई" आणि खाली दहा आकडे. दिवाळीला भिंती सारवल्या की पुन्हा लिहायचा. मी तो स्वतः पाहिला आहे. बीकॉमला दुर्गच्या कॉलेजात माझ्याबरोबर असलेल्या एकाच्या घरी अर्जुनीजवळ लग्नाला गेलो होतो. नवरीच्या नावाची अक्षरं, गणपती, आणि त्याच्या बाजूला आमच्या कंपनीचा नंबर. नंबर मी लगेच ओळखला. माझा घास हातातच राहिला.

तीन वर्षं हेमराजनी फोन सांभाळला. मग २००८च्या पावसाळ्याच्या शेवटी दयाराम लांजेवार यांची आई गेली. दयाराम हेमराजचे जिवलग, दोघांचे प्लॉट वैशाली नगरात एकमेकांना लागून. आईच्या मातीचा निरोप फोनवर वेळेत आला, पण दयारामपर्यंत पोचला नाही. पोचला नाही म्हणण्यापेक्षा, दयाराम म्हणायचे की हेमराजनं त्याची मस्करी केली. एवढंच म्हणायचे आणि पुढं बोलायचे नाहीत. थोरला मुलगा असून आईला अग्नी त्यांना देता आला नाही. हेमराजनीही खुलासा केला नाही. पंधरा दिवसांनी त्यांनी मनकर्णाबाईंच्या चक्कीवर फोन आणून ठेवला, "वहिनी, दोन दिवस सांभाळा," म्हणाले, नोकरी सोडली, अर्धं बांधलेलं घर विकलं आणि बायको-मुलीला घेऊन निघून गेले.

दोन दिवसांची सोळा वर्षं झाली.

मनकर्णाबाई सत्त्याहत्तर साली लग्न होऊन भिलाईला आल्या. नवरा तेजराम कोक ओव्हनवर होते. नोकरी दहा वर्षं उरली असताना ते गेले. त्यांनीच घेऊन ठेवलेली पिठाची चक्की बाई चालवू लागल्या. त्यांना अक्षरं येत नाहीत, आकडे येतात, काट्यावर वजन करून करून आलेले. फोन हाती आल्यावर त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. एकतीस गावांतले निरोप देणारे नंबर त्यांनी पाठ केले. आणि भिलाईतली दोनशे घरं कोणाचे कोण लागतात, तेही.

एका सात तारखेला गर्दी नव्हती. त्यांनी मला विचारलं, "भुरेबाबू, तुमी कुठचे?"

"साकोलीकडचे. पण आता तिकडं आमचं कोणी नाही."

"कोनी नाही असं कसं? आईचं माहेर?"

"विहीरगाव. हटवार."

"हटवार दोन आहेत. आखरावरचे का विहिरीजवळचे?"

मला ठाऊक नव्हतं. आजोबांचं नाव सांगितलं. त्यांनी क्षणभर डोळे मिटले.

"मंग तुमची मामेबहीन दिपाली इथं खुर्सीपारले देली आहे. जवाई गुडघ्यानं बेजार आहेत. तुमची मामी गेली तवा मीच तिले निरोप देला."

मी भिलाईत तीस वर्षं राहत होतो. दोन मैलांवर मला बहीण आहे हे मला ठाऊक नव्हतं. मामी गेल्याचंही नाही.

"मला नाही दिला निरोप?" मी विचारलं.

"तुमचं नाव कोनी सांगितलंच नाही, बापा. आता सांगितलं. आता तुमाले भेटंल."

दोन वर्षांनी विहीरगावचे मामा गेले, तेव्हा सकाळी सहा वाजता त्या माझ्या दारात अनवाणी उभ्या होत्या.

निरोप द्यायची त्यांची रीत मी तेव्हा जवळून पाहिली. फोनवर आलेला निरोप त्या शब्दाला शब्द परत म्हणून दाखवत. पलीकडचा "हो" म्हणाला की मगच ठेवत. कोणालाही फोन उचलू देत नसत, स्वतःच्या मुलीलाही नाही. मग कोणाकोणाला सांगायचं ते मनातल्या मनात जुळवत आणि चक्की बंद करून निघत. भिलाईतल्या घरी फोन करत नसत, चालत किंवा ऑटोनं जात. कामावर असलेल्यासाठी कारखान्याच्या गेटावर उभ्या राहत. एका दिवशी अकरा घरं केलेली मला माहीत आहेत, ती उन्हाळ्यात, चप्पल हातात घेऊन.

सुरुवातीला दर घरानं महिन्याला थोडी वर्गणी द्यायची असं ठरलं होतं. ती त्यांनी पहिल्याच वर्षी बंद केली. मी कारण विचारलं.

"वर्गनी मागाले गेटाजवळ उभी राहिली का बाया रडाले लागतात," त्या म्हणाल्या. "शेजारच्या सुशीलेच्या घरी गेली त तिच्या सासूनं कपाळच बडवून घेतलं. मी म्हनते, अवो पैसे पायजे, पैसे! कोन ऐकते? तवापासून म्हटलं, भरते मीच."

त्यांची मुलगी भूमिका रायपूरला असते. ती एकदा सोबत आली होती आणि माझ्यासमोर आईवर चिडली. "आई, दूसरे का बिल तू क्यों भरती है? ते काका त पळून गेले."

"दुसऱ्याचं कुठं आहे वं? नाव त्याचं आहे. फोन सगळ्याईचा आहे."

लग्नाला, बारशाला कोणाकडं जायचं झालं तर बाई गल्लीच्या वळणावरूनच ओरडत, "सहजच आली वं, सहजच!" मग लोक हसत दारात येत. वैशाली नगरात त्यांना कितीतरी जण पाठीमागं "सहजच काकू" म्हणतात.

गेल्या वर्षी, चोवीस साली, ऑक्टोबरच्या सात तारखेला त्यांनी बिल भरलं आणि फोन माझ्यापुढं केला. "कंपनीचा काहीतरी मेसेज आला आहे. वाचा."

मी वाचला. खातेदारानं वीस तारखेच्या आत स्वतः दुकानात येऊन आधार कार्ड आणि फोटो देऊन ओळख पटवायची. न पटवल्यास नंबर बंद होईल.

"खातेदार म्हंजे?"

"हेमराज चुटे."

"मी बिल भरते ना?"

"बिल तुमचं, नंबर त्यांचा. तुमच्या नावानं करायचा झाला तरी आधी ते यायला पाहिजेत, त्यांनी सही द्यायला पाहिजे."

त्या खुर्चीवर बसल्या. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदाच पाहत होतो.

"दुसरा नंबर घेता येईल," मी म्हणालो.

"एकतीस गावाच्या भिंती कोन पुसन, भुरेबाबू? अन् ज्यानं नाही पुसली, त्याच्या घरी माती झाली, त्यानं त्याच नंबरावर लावला, त?"

दुकानाबाहेर टेबल टाकून लोकांचे फॉर्म भरणारा भूपेंद्र हे ऐकत होता. माणूस वाईट नाही, वाटा काढणारा आहे. आत येऊन म्हणाला, "काकी, सीधा रस्ता है. बोल दो हेमराज गुजर गए. सोळा वर्षांपासून पता नाही म्हंजे गुजरल्यासारखेच ना? सर्टिफिकेट मैं बनवा दूँगा, एखादा वारस उभा करू, दोन दिवसात नंबर तुमच्या नावानं."

बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढला नाही.

"जित्या मानसाची माती मी सांगू? या फोनवरून आजवर एकबी खोटा निरोप गेला नाही. पह्यला खोटा निरोप ज्याचा फोन आहे त्याचाच देऊ?"

"पर काकी, नंबर गया तो?"

"गेला त गेला. खोटा चालू राहिला त त्याच्यावर कोन भरोसा ठेवन?"

भूपेंद्र माझ्याकडं पाहून बाहेर गेला. मी तेरा दिवस मोजले. सोळा वर्षं ज्याचा पत्ता नाही असा माणूस तेरा दिवसांत सापडेल असं मला वाटलं नाही. मी तसं बोललोही.

"निरोप पाठवते," त्या म्हणाल्या.

"कुठं? त्यांचा पत्ताच नाही ना."

"पत्ता असता त गेली नसती का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी चक्की लावली नाही. सकाळपासून दुपारपर्यंत एकतीस गावांना एकतीस फोन केले, सगळे पाठ असलेले. प्रत्येक ठिकाणी शब्द तेच: "हेमराज चुटेले निरोप आहे. माती नाही, सगळे जिते आहेत. फोनवर त्याचं नाव आहे, एकवार यावं. ज्याले भेटंल त्यानं सांगावं." आणि प्रत्येकाकडून परत म्हणवून घेतला. आपल्याकडं निरोप जिथं निघाला तिथं अडवून ठेवत नाहीत. तो बाजारात गेला, पानठेल्यावर गेला, धानाच्या गिरणीत गेला.

अर्जुनीकडच्या एका गिरणीत नत्थू नावाचा ट्रक ड्रायव्हर तांदळाची पोती भरून घेत होता. हमालांच्या तोंडून त्यानं ते नाव ऐकलं. तो रायपूरच्या वाटेवर नेहमी कुम्हारीच्या धरमकाट्यावर गाडी तोलत असे, आणि त्या काट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्या बाबूचं आडनाव चुटे होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे नत्थूनं गाडी काट्यावर चढवली, खाली उतरला आणि चपला काढून खिडकीसमोर उभा राहिला.

हेमराजनी मला नंतर हे सांगितलं. "त्याले चपला काढताना पाहिलं अन् वाटलं, कोनाची तरी माती आहे. म्हटलं, चहा घे. तो म्हने, निरोप आहे, चहा नाही घेत. मंग म्हने, माती नाही, सगळे जिते आहेत."

वैशाली नगरापासून कुम्हारी पंधरा-सतरा किलोमीटर. हेमराज सोळा वर्षं तिथंच होते. पण त्यांच्यापर्यंत पोचायला निरोपाला चुलबंदेच्या काठावर जाऊन परत यावं लागलं. दोन-अडीचशे किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं, तीन दिवसांत, एका शब्दाचा फरक न पडता. माझी सारी नोकरी संदेश पोचवणाऱ्या कंपनीत गेली. असं काही मी पाहिलं नव्हतं.

दहा तारखेला बाई दुकानात आल्या. हेमराज सापडले होते. नाव बदलायला काय काय लागतं, ते त्यांनी बारकाईनं विचारून घेतलं. मी सांगितलं: जुना खातेदार, नवा खातेदार, दोघांचे आधार, दोघांच्या सह्या. नवीन सिम सुरू व्हायला चार तास लागतील, तेवढा वेळ फोन बंद.

"या चार घंट्यात कोनाकडं माती झाली त?"

त्यांनी थोडा विचार केला, मान हलवली आणि गेल्या. त्यांनी काय केलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. पुन्हा एकतीस फोन. उद्या अकरापासून आमचा फोन वाजेपर्यंत सुशीलेचा नंबर लावा. आणि शेजारची सुशीला त्या दिवशी चूल न पेटवता फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसून होती.

अकरा तारखेला हेमराज आले. उंच माणूस, पाठीत वाकलेला, हातात आधार कार्डाची पिशवी. पाठोपाठ मनकर्णाबाई, आणि त्यांच्या मागं दयाराम लांजेवार. दयाराम दारातच थांबले.

मी फॉर्म पुढं ओढला. "नवीन नाव मनकर्णा तेजराम शिवणकर."

"नाही," बाई म्हणाल्या. "दयाराम लांजेवार लिहा."

हेमराजनी काही न विचारता सही केली. मग दयाराम म्हणाले, "वहिनी, तुमी मले सही कराले या म्हटलं. मी समजलो गवाहीची सही. मले हे नाही पायजे."

"कावून?"

"याच्या हातची वस्तू मी घेनार नाही."

"वस्तू त्याची नाही. ज्याच्या घरचा निरोप बुडाला त्याच्याच नावावर नंबर पायजे. तो कधी बंद होऊ देनार नाही. मी म्हातारी, आज आहे उद्या नाही."

"मी बी एकसष्टचा आहो."

"मंग पोराच्या नावानं करजो पुढं. आज सही कर."

दयाराम हलले नाहीत. मी हातात पेन धरून बसलो होतो. हेमराजनी सही केलेली होती, दयारामनी केली नाही तर सगळं तिथंच थांबणार होतं, आणि वीस तारखेला नंबर जाणार होता. बाईंनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं.

"हेमराज, तू तरी बोल. सोळा वर्षं तोंडात काय धरून बसला आहे?"

हेमराज काउंटरकडं पाहतच बोलले. "त्या रोजी मायी सेकंड शिफ्ट होती. रात्री साडेदहाले घरी आलो. फोन ममतानं उचलला होता." ममता म्हणजे त्यांची बायको. "तिचा जन्म इथलाच, घरी सगळे हिंदी बोलनारे. ती म्हने, 'मिट्टी का फोन आया था. कल चार बजे. दयाराम भैया को बोलना.' फोनवरचा मानूस माती म्हनला असंल. तिनं मले हिंदी करून सांगितलं. अन् मिट्टी म्हटल्यावर माया डोक्यात काय येनार? आपल्या दोघांच्या प्लॉटमंदी भराव टाकाचा होता. ट्रॅक्टरवाल्याले तूच सांगून आला होता."

दयाराम दोन पावलं आत आले.

"सकाळी ठेल्यावर मी तुले म्हटलं, दयाराम, तुयी माती चार वाजता येऊन राहिली. आपली मस्करी होती. तू काय म्हटलं, याद आहे?"

दयाराम म्हणाले, "मी म्हटलं, चार वाजता मी रिकामा नाही. पाचले काढा."

"अन् हसला."

"दोघंबी हसलो."

"हो."

"मी रजा घेतली," दयाराम म्हणाले. ते आता माझ्याशी बोलत असल्यासारखे बोलत होते. "चार वाजता प्लॉटवर जाऊन उभा होतो. ट्रॅक्टरची वाट पाहून राहिलो. सातले गावाहून भावाचा फोन आला." ते हेमराजकडं वळले. "मले वाटलं तुले मालूम होतं, अन् मालूम असून तू मस्करी केली. सोळा वर्षं हेच. मले सांगितलं कावून नाही?"

"सांगतो त काय सांगतो? बायकोच्या तोंडून चूक झाली म्हनून? अख्ख्या वस्तीनं तिले बोल लावला असता. मस्करी त मी केलीच होती. मायाच माथ्यावर राहू दे म्हटलं."

"मले त सांगाचं होतं रे," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "मी कोनाले सांगितलं असतं? मी त निरोप आल्याबिगर कोनाच्या दारात जात नाही."

या वाक्यावर दयारामना एकदम हसू आलं. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग पेन माझ्या हातातून घेतलं. "कुठं करू?"

मी जागा दाखवली. त्यांनी तीन ठिकाणी सह्या केल्या.

"बिल आता मी भरीन," ते म्हणाले.

"भरशील! नाव तुयं, पैसा माया. सोळा वर्षं चाललं तसंच चालंल."

फोन साडेअकराला बंद झाला. तिघांपैकी कोणीही घरी गेलं नाही. दुकानाबाहेरच्या बाकावर बसून राहिले. दयारामनी उसाचा रस आणला, मलाही एक ग्लास आत पाठवला. मध्येच कोणाचा फोन आला का, म्हणून बाई माझ्या मोबाइलवरून सुशीलेला विचारत होत्या. नव्हता आला. एकतीस गावांत त्या चार तासांत कोणी गेलं नाही.

साडेतीनच्या सुमाराला सिम सुरू झालं. मी बाहेर जाऊन सांगितलं आणि म्हणालो, "एक फोन लावून बघा." मनकर्णाबाईंनी फोन दयारामच्या हाती दिला. "लाव. तुया नावाचा आहे."

दयाराम हेमराजला म्हणाले, "ममता वहिनीचा नंबर सांग."

हेमराजनी मान हलवली. "ती फोन उचलत नाही. तवापासून नाहीच. घरी वाजला त पोरगी उचलते. पोरगी नसली त वाजू देते."

"सांग त खरा."

त्यांनी आकडे सांगितले. दयारामनी लावला. फोन वाजत होता, मला उभ्या जागी ऐकू येत होतं. पाच वेळा, सहा वेळा. हेमराज हलक्या आवाजात म्हणाले, "हा नंबर तिले पाठ आहे."

मग वाजणं थांबलं. पलीकडून कोणी बोललं नाही, पण फोन उचललेला होता.

"वहिनी," दयाराम म्हणाले, "दयाराम बोलून राहिलो. कोनाले काही झालं नाही. तुमच्याशीच बोलाचं होतं." आणि ते बोलत बोलत बाकापासून दूर, सायकलींच्या रांगेकडं चालत गेले.

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. हेमराज मान खाली घालून बसले होते. मी बाईंना म्हणालो, "आत चला, पावती राहिली आहे."

"थांबा, भुरेबाबू," त्या म्हणाल्या. "बोलू द्या त्याले. बिल मले भराचं आहे."